दार लोटून घेतलेलं जेवण

आई, तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी बाबांचं ताट भरलेलं परत आलं. मऊभात वाढला होता तसाच. तूप थिजलेलं, कडेच्या कुळथाच्या पिठल्यावर साय धरलेली. मी ते ताट मोरीत ठेवलं आणि तिथेच बसकण मारली. वाटलं, झालं. बावन्न वर्षांची जोडी, एक गेलं आणि दुसऱ्यानं अन्न सोडलं. चौथ्या दिवशीही तसंच, पाचव्या दिवशीही तसंच. भेटायला येणारी प्रत्येक बाई बाबांच्या खोलीत डोकावायची, पदर तोंडाला लावायची आणि बाहेर येऊन एकच बोलायची, "तिच्या मागनंच जाणार ते. तिच्या हातनं जेवायची सवय ना."

मीही तेच धरून चालले. तुमच्या हाताला कसली जादू होती ती शोधून काढायची, एवढंच माझ्या डोक्यात. चमचा कुठला घ्यायच्यात? आधी पेज की आधी भात? बोलत भरवायच्यात की गप्प बसून? लग्नाच्या पहिल्याच वर्षी तुम्ही मला 'खोदकाम खातं' असं नाव ठेवलंत. "हिला काय सांगायची सोय नाय, लगेच कुदळ घेऊन उभी," असं शेजारणीला सांगायच्यात, तेही मला ऐकू जाईल अशा बेतानं. आता कुदळ घेऊन मी उभीच आहे, आणि उत्तर द्यायला तुम्ही नाही. खरं सांगू? रडू नंतर येतं, आधी मला राग येतो तुमचा.

आज सोळा दिवस झाले. त्या दुपारी ताट घासून पालथं घातलंत, पडवीत खांबाला टेकून बसलात आणि म्हणालात, "वायच ओवा दे गो." मी डबा घेऊन आले तर मान कललेली. मी दोन वेळा हाक मारली, ती जरा चिडूनच मारली, कारण मला वाटलं डोळा लागला. लोकांच्या सासवा जाताना देवाचं नाव घेतात म्हणे. तुम्ही ओवा मागितलात. आम्ही सगळे बाबांच्या खाटेकडे नजर लावून बसलो होतो, डॉक्टर, सिस्टर, मुंबईहून फोनवर तुमचा लेक, मी. तुमच्याकडे कोणाचं लक्ष होतं? कोणाचंच नाही. माझंही नाही, आणि चौकस म्हणे मी!

आपलं ताटाचं भांडण तुम्हाला आठवत असेलच. मी नवी सून म्हणून ह्या घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी हे जेवून उठले आणि तुम्ही मला म्हणालात, "बस आता त्याच्या ताटात." मी ताट उचललं, मोरीत नेलं, फळीवरचं दुसरं काढलं आणि त्यात वाढून घेतलं. तुम्ही दोन दिवस बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणालात, "नवऱ्याच्या ताटात जेवलीस तर काय झिजशील काय?" मी म्हटलं, "माझ्या ताटात ते जेवले तर ते झिजतील काय?" बाहेर बाबा इतक्या मोठ्यानं हसले की कोंबड्या उडाल्या. तुम्ही मात्र हसला नाहीत.

चोवीस वर्षं ते भांडण तसंच राहिलं. बाबा जेवून उठले, हात धुऊन अंगणात गेले, की मग तुम्ही त्यांच्याच पाटावर, त्यांच्याच ताटात वाढून घ्यायच्यात. दाराकडे पाठ करून. जेवण म्हणजे तरी काय, चिमणीएवढं. मी म्हणायचे, "आई, निदान ताट विसळून तरी घ्या." तुम्ही म्हणायच्यात, "खरकटं नसतं ते." संपला विषय. असं का करता, तुम्हाला आवडतं म्हणून की तुमच्या आईनं शिकवलं म्हणून, हे मी दहा वेळा विचारलं असेल. सरळ उत्तर एकदा दिलं नाहीत.

मग बाबांना पोटातलं ते दुखणं निघालं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी आपल्या दोघींना समोर बसवून नीट सांगितलं, की ह्या वयात कापाकापीचा काही उपयोग नाही, दुखू नये एवढं आपण बघू शकतो, घरीच ठेवा, घरी येऊन बघणारी सिस्टर आहे. ती सिस्टर मला पहिल्याच दिवशी आवडली. लांज्याहून स्कूटीवर यायची, आठवड्यातनं दोनदा. बाबांना कुशीवर कसं वळवायचं, तोंड ओल्या फडक्यानं कसं टिपायचं, दुखायची वाट न बघता औषध वेळेवर का द्यायचं, सगळं हातात हात धरून शिकवलंन. तुम्ही तिला पहिल्या भेटीतच विचारलंत, "तुजं लगीन झालं काय गो?" आणि मी कपाळावर हात मारला. तिनं मला एक वही दिली. मी अंगणवाडीची बाई, वही म्हटलं की मला बरं वाटतं. पट्टी घेऊन रकाने आखले. झोप, दुखणं, औषध, शौच, जेवण.

आणि त्याच दिवशी ते बोलणं झालं. तुमचा लेक, म्हणजे आमचे हे, मुंबईला परत निघाले होते. नोकरी आहे, सुट्टी संपली होती. उंबऱ्यात बूट घालता घालता म्हणाले, "घरी ठेवा, माझं काही म्हणणं नाही. पण जेवण थांबलं तर मी कोणाचं ऐकणार नाही. रत्नागिरीला अॅडमिट करायचं. नाकातनं नळी घालतात, पोटात अन्न जातं. बापाला उपाशी मारायचं नाही मला." सिस्टर समजावायला गेली, की शेवटी शेवटी शरीरालाच अन्न नको होतं, बळजबरीनं त्रास वाढतो. ह्यांनी हात वर करून तिला थांबवलं. बापावरची मायाच ती, पण तिला कान नव्हते. आतनं बाबा म्हणाले, "मला ह्या खाटेवरनं हलवायचं नाय. ह्या घराचा चिरान् चिरा मी बसवलेला हाय." त्यांचा आवाज तेव्हाही गवंड्याचाच होता, खालून माळ्यावर हाक जाईल असा. तुम्ही दाराआड तांब्या हातात धरून उभ्या होतात.

पुढच्या आठवड्यात तुम्ही मला सांगितलंत, "त्यांना माणसांदेखत भरवून घ्यायची लाज वाटते. कोण यायचं नाय आत." आणि दार लोटून घेतलंत. मला ते पटलं. आयुष्यभर चिरे उचलणारा माणूस, त्याला लाज वाटणारच. भरलेलं ताट तुम्ही घेऊन आत जायच्यात, तासाभरानं रिकामं ताट घेऊन बाहेर यायच्यात, आणि म्हणायच्यात, "आता मला वाढ." मी त्याच ताटात तुम्हाला वाढायची. आणि त्या आधी ताट बघून वहीत लिहायची. पाऊण ताट. पूर्ण ताट. पूर्ण ताट.

मुंबईला फोन केला की ह्यांचा पहिला प्रश्न, "जेवले?" मी वहीतलं वाचून दाखवायची. ह्यांचा आवाज मोकळा व्हायचा. "मग मेमध्येच येतो मोठी सुट्टी टाकून," असं म्हणाले.

त्याच दिवसांत तुम्ही मला ब्लाउजची शिवण उसवून द्यायला सांगितलीत. दंडाला काचतं म्हणून. मी म्हटलं, "काय हो आई, बाबा झिजतायत आणि तुम्ही बाळसं धरताय!" मी गमतीत बोलले हो. पण बोलले. तुम्ही नुसती कात्री पुढे केलीत. आणि ओवा. जेवण झालं की ओवा, तासाभरानं परत ओवा. डबा आठ दिवसांत रिकामा झाला. मी तो भरून ठेवला आणि का रिकामा झाला हे विचारलं नाही. एवढ्या चौकशा केल्या ह्या घरात, हीच नेमकी राहिली.

तेरावं झालं त्याच दिवशी ह्यांनी ठरवलं. बारा-तेरा दिवस बाबांच्या पोटात दोन चमचे पेजेच्या पाण्यापलीकडे काही गेलेलं नाही, तेव्हा आता रत्नागिरीला न्यायचं. गाडी सांगायची, दोन दिवसांनी सकाळी निघायचं. मी म्हटलं, "बाबा नको म्हणालेत." तर म्हणाले, "ते दुःखात आहेत. दुःखातल्या माणसाचं ऐकायचं नसतं. आई असताना जेवत होते ना? तुझ्याच हातचं लिहिलेलं आहे." माझ्याच अक्षरात होतं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे परवा, सिस्टर आली. तिनं बाबांचा दंड हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग वही मागितली. मागची पानं चाळली. आमच्या अंगणवाडीत एखाद्या पोराचा दंड बघितला की मला न मोजता कळतं, घरात काय चाललंय ते. तिलाही कळलं असणार. म्हणाली, "ताई, ही झीज बारा-तेरा दिवसांतली नाही. महिन्याच्या वरची आहे. हे पूर्ण ताट, पूर्ण ताट कोणी बघून लिहिलं?"

"मी."

"त्यांना खाताना बघितलंत?"

मी म्हटलं, "ताट बघितलं."

तिनं वही मिटली. मला पाणी आणून दिलं, माझ्याच घरात. मी तिथे उभी राहिले आणि माझ्या डोळ्यांसमोर एकेक यायला लागलं, उसवलेली शिवण, ओव्याचा डबा, लोटलेलं दार. आई, तुम्ही दोन-दोन जेवणं जेवत होतात. बाबांचं आत, तुमचं बाहेर. चिमणीएवढं खाणारी बाई! माझा पहिला प्रश्न हाच होता, की त्यानंच तर नाही ना गेलात? सिस्टरनं सांगितलं, "नाही हो, मऊभातानं कोणी जात नाही, त्यांचं हृदयच थकलं होतं." डॉक्टरांनाही फोन करून विचारलं. तेही तेच म्हणाले. मी विश्वास ठेवलाय. रोज थोडा थोडा ठेवते.

सिस्टर गेल्यावर मी बाबांच्या खाटेशी बसले. दुपार होती. हे गाडीचं पक्कं करायला लांज्याला गेले होते. मी विचारलं, "बाबा, आई होत्या तेव्हा तुम्ही जेवत होतात?"

त्यांनी वर कौलांकडे बघितलं. मग विचारलं, "तो... तो कुठं गेला?" तोंड सुकून शब्द असे अडखळतात त्यांचे आता. मी म्हटलं, लांज्याला. मग म्हणाले, "नाय."

"मग ताट?"

"ती जेवायची."

आणि आई, बाबा हसले. तुम्ही गेल्यापासनं पहिल्यांदा. मला आधी वाटलं कळ आली. फडकं ओलं करून ओठांना लावलं, तर हातानं बाजूला केलं आणि बोलायला लागले. मध्ये थांबत, दम घेत, पण थांबायचं नाव नाही. "पयल्या दिवशी रडत जेवली. घास उतरेना तिच्या. म्हटलं, राहू दे, नेऊ देत मला. तर डोळे वटारलान माझ्यावर. दोनचार दिवस गेले नि मग मजा यायला लागली."

"मजा?"

"मी तिला जेवताना बघितलीच नव्हती गो. बावन्न वर्षं. मी उठणार, भायेर जाणार, मग ती बसणार. आता माझ्या समोर बसून जेवायची. तुला ठाव हाय, ती आधी लोणचं चाटते? चाटते नि एक डोळा मिटते. भात कडेकडेनं खाते, मधला शेवटी. मी म्हटलं, असं का गं? तर म्हणते, मधला तुपाचा, तो शेवटी, ल्हानपणापासनं. मला म्हायतीच नव्हतं. मी रोज बघायचो. अर्धा डोळा लावून पडायचो नि बघायचो. तिला वाटायचं झोपलाय, मग जरा मोकळी जेवायची."

मलाही माहिती नव्हतं, आई. मी चोवीस वर्षं तुमची पाठ बघितली. मी बाबांना खोदखोदून विचारलं. कुठलं लोणचं? कैरीचं की लिंबाचं? कुठला डोळा? बाबा म्हणाले, डावा. आम्ही दोघं अर्धा तास तुमच्या जेवण्याबद्दल बोलत होतो. घरात सुतक नुकतं फिटलेलं, दारात गाडी यायची, आणि आम्ही हसतोय. तुम्ही असतात तर आम्हा दोघांनाही झापलं असतंत.

मग मी ते विचारलं, जे विचारायला नको होतं. "मला का नाही सांगितलंत?"

बाबा म्हणाले, "मी सांगितलेलं तिला, सुनेला सांगूया म्हणून. ती नको म्हणाली. म्हणाली, ती पोरांची वजनं खरी लिवते. तिच्या हापिसातल्या वरच्या बाईनं वाढवून लिव म्हटलान, तरी नाय लिवलान. अशा बाईला घरच्यांनी खोटं लिवायला लावायचं नाय. सगळ्या वाडीत सांगत फिरायची ती तुझं."

मला? वाडीत? माझ्या तोंडावर तर तुम्ही म्हणाला होतात, "नसता ताठा, नोकरी जाईल तेव्हा कळेल." मी आठ दिवस तुमच्याशी धड बोलले नव्हते. आणि तुम्ही पाणवठ्यावर जाऊन माझी फुशारकी मारत होतात. काय म्हणावं तुम्हाला! एकदा तोंडावर बोलला असतात तर काय झिजला असतात?

हे परत आल्यावर मी पडवीतच सगळं सांगून टाकलं. ओरडले. "म्हणजे आईनं मला फसवलं? आणि तू लिहीत बसलीस?" मी म्हटलं, "हो. लिहीत बसले. बघायला हवं होतं, बघितलं नाही." मला वाटलं, अजून ओरडतील. पण ते खाली बसले आणि म्हणाले, "बाबा जेवतायत म्हणून मी आलो नाही. जेवत नाहीत कळलं असतं तर त्याच दिवशी निघालो असतो. आई असताना आलो असतो." आणि लहान मुलासारखे रडले. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही, आई. तुम्ही बाबांना घरी ठेवलंत, पण त्यात तुमच्या लेकाची आणि तुमची भेट गेली. ह्याचा हिशेब मला लावता येत नाही. तुम्हाला तरी लावता आला असता का, कोण जाणे.

मग ते आत गेले. खाटेच्या कडेला बसले आणि त्यांनी बापाला एक साधा प्रश्न विचारला, जो इतक्या दिवसांत आमच्यापैकी कोणीच विचारला नव्हता. "बाबा, तुम्हाला भूक लागते?"

"नाय रे. भूक कवाच गेली. तोंड सुकतं तेवढं."

ह्यांनी फडकं भिजवलं, पिळलं, आणि बाबांचे ओठ टिपले. इतके हलके टिपले की पाणी लागलंच नसेल. मी म्हटलं, अजून ओलं करा. पुन्हा भिजवलं. मग पडवीत येऊन गाडीवाल्याला फोन केला आणि येऊ नको म्हणून सांगितलं. कारण विचारलंन वाटतं त्यानं. हे म्हणाले, "बाबा नको म्हणतायत."

तर बाबा घरी आहेत. हे तुम्हाला कळवायचं होतं. सिस्टर म्हणते, आता थोडेच दिवस. दुखत नाही त्यांना, ते मी खाटेशी बसून, डोळ्यांनी बघून सांगते. लेक दर दोन तासांनी कुशीवर वळवतो. बाबा म्हणतात, चिरा उचलल्यासारखा उचलतोस मेल्या. अंगणातल्या काजूला बोंडू लागलेत, त्यांचा वास खिडकीतनं आत येतो, तो त्यांना चालतो. अन्नाचा वास चालत नाही, म्हणून आम्ही स्वयंपाकघराचं दार लावून घेतो.

तुम्ही मला खरी समजलात, हे ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. दोन दिवस तेच मनात घोळवतेय. पण त्याखाली एक सल आहे, तो जात नाही. तुम्ही दोघं त्या दारापलीकडे एवढं मोठं काम करत होतात, आणि मी अलीकडे पट्टी घेऊन रकाने आखत होते. तुम्हाला वाटलं, हिचा हात खोट्याला वळायचा नाही. अहो, परक्याची पोरं कुपोषित असताना धडधाकट लिहायची, ते वेगळं. बाबांना त्यांच्या खाटेवर राहू द्यायचं, ते वेगळं. एवढा फरक मला कळत नाही असं वाटलं तुम्हाला? मी लिहिलं असतं. सिस्टरच्या तोंडावर, डॉक्टरांच्या तोंडावर, तुमच्या लेकाच्या तोंडावर, रोज, ठसठशीत अक्षरात.

आणि तुम्हाला एकटीला एवढं जेवायला लागलं नसतं. मला आत घ्यायचं होतंत, आई. अर्धा भात मी खाल्ला असता.